रजेचा अर्ज आणि चार्जचा कागद

कामाने थकणे आणि कामाने करपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेला माणूस रविवारी झोप काढून सोमवारी बरा होतो. करपलेल्याला रविवारी दुपारीच सोमवार दिसू लागतो. झोप होऊनही अंग उचलत नाही, ज्या गिऱ्हाइकाशी वर्षानुवर्षे हसून बोलणे झाले त्याचा आवाजही नकोसा होतो, आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही असे वाटत राहते. ‘बर्नआउट’ हा शब्द मराठीत आता रुळला असला तरी दूध करपण्याची आपली उपमा अधिक नेमकी आहे. तळाला लागलेले दूध वरून पांढरेच दिसते, वास येईपर्यंत कळत नाही. शिवाय त्याच भांड्यात ताजे दूध ओतले तर तेही करपट लागते. लांबलचक रजेनंतर कामावर परतण्याचा सगळा पेच या दुसऱ्या गोष्टीत आहे.

दूध खराब की भांडे, यावर दोन पक्ष आहेत. माणसाने सावरावे, काम आहे तसेच राहणार, असे एक पक्ष म्हणतो. काम तसेच राहिले तर सावरलेला माणूस पुन्हा करपणार, असे दुसरा म्हणतो. येथे हे पक्ष दोन कल्पित वक्त्यांच्या तोंडी घातले आहेत. काका सरकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, तर पुतणी कारखान्यात वैद्यकीय अधिकारी. प्रसंग नमुन्यादाखल एकच: तालुक्याच्या गावच्या शाखेत कर्जविभाग सांभाळणारी एक अधिकारी तीन महिन्यांची वैद्यकीय रजा संपवून सोमवारी हजर होते.

“आमच्या वेळी हे नव्हतं,” हे काकांचे पहिले वाक्य अपेक्षितच असते. “मार्च एंडला रात्री बारा-बारापर्यंत लेजर जुळवलीत आम्ही. दमायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो.”

“काका, तेव्हा रात्री बाराला लेजर जुळलं की जुळलं. संपायचं. हिचं टार्गेट 31 मार्चला संपतं आणि 1 एप्रिलला नवं सुरू होतं. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज येतो, आजचा आकडा टाका म्हणून.”

आमच्या वेळी नव्हते, हे शब्दापुरतेही पुरते खरे नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1974 साली ज्या लेखातून हा शब्द शास्त्रीय चर्चेत आणला, तो लेख गरिबांना मोफत उपचार देणाऱ्या दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांविषयी होता. पगारासाठी नव्हे तर मनापासून राबणारी ही माणसे वर्षभराच्या सुमारास चिडचिडी आणि कोरडी झालेली त्याने पाहिली, त्यांच्यात तो स्वतःही होता. पुढे क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिने या अवस्थेचे तीन पदर वेगळे केले: भावनिक दृष्ट्या रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे, आणि आपण काही साधतो ही जाणीव आटणे. नुसत्या दमलेल्यात पहिला पदर असतो. करपलेल्यात तिन्ही असतात, आणि रजेने सर्वांत लवकर हलतो तो पहिलाच. घरी तीन महिने काढून आलेला माणूस ताजातवाना दिसतो आणि काउंटरवर दहा मिनिटांत जुन्याच कोरड्या आवाजात बोलू लागतो, त्याचे कारण हे.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद घेतली आहे. ही आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. मात्र ती नोंद आजारांच्या यादीत नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण यातून येणारी ती ‘व्यवसायाशी निगडित घटना’ आहे, असे तिथे म्हटले आहे.

काका नेमके यावर बोट ठेवतात. “म्हणजे आजार नाहीच. मग तीन महिन्यांचं सर्टिफिकेट कशाचं दिलंत?”

प्रश्न रास्त आहे. प्रत्यक्षात प्रमाणपत्रावर चिंताविकार, नैराश्य, निद्रानाश, वाढलेला रक्तदाब असे काहीतरी लिहिलेले असते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. करपलेपण आणि नैराश्य यांची हद्द पुसट आहे. म्हणून जाणता डॉक्टर आधी बाकीच्या शक्यता तपासतो: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर, आणि घोरणाऱ्या माणसात झोपेत श्वास अडखळतो का. पुतणीच्या व्यवहारातली एक साधी विचारणा अशी असते: “कामाचं सोडा. आवडीचं गाणं, नातवंडं, सणाचं जेवण, यात तरी जीव रमतो का?” काम सोडून इतरत्र जीव रमत असेल तर रोख कामाकडे जातो. कशातच रमत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो रजेचा आणि बदलीचा विषयच नव्हे. तिथे मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जायचे असते. केंद्र सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून यासाठीच आहे.

काकांची दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. “घरी बसून माणूस गंजतो गं. पहिल्या महिन्यात बरं वाटतं, दुसऱ्यात लाज वाटायला लागते, तिसऱ्यात बँकेच्या रस्त्यानं जायचीच भीती. मी पाहिलंय हे.”

पुतणीचा पक्ष इथे काकांच्या बाजूला झुकतो, आणि पुरावाही. गैरहजेरी जितकी लांबते तितके परतणे अवघड होते, हे कामगार-आरोग्याच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. नेदरलँड्समध्ये स्वयंरोजगारी लोकांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या मानसोपचाराची तुलना दुसऱ्या एका पद्धतीशी केली होती. तिच्यात उपचारांबरोबर लवकर, थोडे थोडे काम सुरू करण्याचा आणि कामातल्या अडचणी सोडवण्याचा भाग होता. ही दुसरी माणसे पूर्ण कामावर बरीच आधी परतली. थोडक्यात, पूर्ण बरे होऊ आणि मग जाऊ, हा क्रम बहुधा उलटा आहे. बरे होण्याचा शेवटचा टप्पा कामावरच पार पडतो.

पण याच क्षेत्रातली दुसरी माहिती काकांच्या विरुद्ध जाते. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी 1997 मध्ये सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर करपलेपण मोजले. सुट्टीत ते उतरले आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा मूळ पातळीवर गेले. ती सुट्टी होती, आजारपणाची रजा नव्हे, हा फरक ध्यानात ठेवूनही अर्थ उघड आहे. रजा माणसाला भरते, पण गळती बंद करत नाही.

सोमवारची सकाळ जवळून पाहिली तर ही गळती दिसते. दहाला ती मस्टरवर सही करते, हजर झाल्याचा अर्ज आणि फिट असल्याचे प्रमाणपत्र देते. तिचा आयडी बंद आहे, पासवर्डची मुदत संपली आहे. तो सुरू करण्यासाठी वरच्या कार्यालयाला मेल जातो. तोवर करायला काही नाही. शिपाई चहा ठेवतो, “मॅडम, आता बरं आहे ना?” म्हणतो. कोणीतरी “मस्त आराम झाला की!” म्हणते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर करत नाही. ड्रॉवरमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी तशीच आहे, आणि एका कर्जप्रकरणाच्या फायलीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी: ‘उद्या पाहणे’. साडेअकराला आयडी सुरू होतो. सव्वाबाराला आठवड्याच्या वसुलीचा आकडा मागणारा संदेश येतो.

“यात वाईट कोण वागलं, सांग?” काका विचारतात.

“कुणीच नाही, काका. म्हणून तर अवघड आहे.”

व्यक्तीला दोष देणाऱ्या पक्षाची अडचण इथे उघडी पडते, आणि साहेबाला दोष देणाऱ्या पक्षाचीही. मास्लॅक आणि मायकल लायटर यांनी 1997 मध्ये कामातल्या सहा जागा सांगितल्या, जिथे माणूस आणि काम यांचा मेळ तुटतो: कामाचा भार, त्यावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचा मेळ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. भारावर सगळे बोलतात. कर्जविभागातल्या या अधिकाऱ्याला मात्र भारापेक्षा शेवटची जागा खुपत होती. पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याला त्याच बैठकीत विम्याची पॉलिसी गळ्यात मारायची, आणि ती हवी आहे अशी त्याची सही घ्यायची. अशा माणसाचे तास कमी करून फारसे साधत नाही. ताबा हीही अशीच दुर्लक्षित जागा आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच मांडले होते की मागणी जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. मागणी जास्त पण मुभाही जास्त असेल तर माणूस उलट फुलतो. रात्री बारापर्यंत लेजर जुळवणारे काका स्वतःच्या शाखेत कुणाला किती कर्ज द्यायचे ते स्वतः ठरवत होते. आमच्या वेळी नव्हते, या वाक्यात एवढा भाग मात्र खरा आहे.

“पण जास्त कामानं कुणी मरत नाही,” असे म्हणून काका विषय हलका करू पाहतात. हा मुद्दा वादाचा उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम केल्यामुळे 2016 या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने जगभरात सुमारे 7,45,000 मृत्यू झाले.

परतण्याची व्यवस्था कशी असावी याचे नमुने परदेशांत आहेत. जर्मनीत ‘हॅम्बुर्ग पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी टप्प्याटप्प्याची वाट आहे. डॉक्टर, कामगार आणि मालक मिळून वेळापत्रक ठरवतात. सुरुवात दिवसाला दोन-चार तासांनी होते आणि काही आठवड्यांत पूर्ण दिवसापर्यंत जाते. पगार कोण देणार, हा काकांचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला आहे. या काळात कामगार कायद्याने आजारीच धरला जातो आणि त्याला सहसा आरोग्य विम्याकडून आजारपणाचा भत्ता मिळतो. नेदरलँड्समध्ये हा खर्च मालकावर आहे. आजारी कामगाराला दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के वेतन द्यावे लागते, आणि 2002 पासूनच्या कायद्याने सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनी-डॉक्टरचे विश्लेषण व आठव्या आठवड्यापर्यंत परतण्याचा लेखी आराखडा बंधनकारक आहे. दोन वर्षांचा पगार स्वतःच्या खिशातून जाणार असेल तर मालक आराखड्याकडे कसे बघेल, हे वेगळे सांगायला नको.

भारतात अशी मधली वाट कायद्यात नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षाला 91 दिवसांपर्यंत, वेतनाच्या 70 टक्के दराने मिळतो. पण ज्या दिवशी कामावर गेला त्या दिवसाचा भत्ता गेला. म्हणजे माणूस एक तर पूर्ण आजारी, नाही तर पूर्ण बरा. अर्धा बरा माणूस आपल्या कायद्याला ठाऊक नाही. शिवाय 21,000 रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे बहुतेक कार्यालयीन नोकरदार योजनेबाहेरच राहतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे तास दिवसाला 9 ठरवले, पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना तो लागू नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

“मग कायदा येईपर्यंत काय करायचं म्हणतेस?”

“तुम्हीच सांगा, काका. शाखा तुम्ही चालवलीत.”

वादाला इथे उपयोगी वळण लागते, आणि ते शाखाधिकाऱ्याच्या अनुभवातून येते, वैद्यकातून नव्हे. बँकेत एक जुनी रीत आहे: चार्ज देणे-घेणे. बदली झालेला अधिकारी तिजोरीच्या किल्ल्यांपासून अपुऱ्या प्रकरणांपर्यंत सगळ्याची यादी करून सही करून देतो, येणारा ती तपासून सही करून घेतो. रजेवर जाताना हा कागद होतो, निदान व्हायला हवा. रजेवरून परत येताना मात्र कोणीच तो करत नाही. हजर झाली की जुना चार्ज आपोआप तिच्या अंगावर येतो, वर तीन महिन्यांचे साचलेले वेगळे.

काकांचे म्हणणे असे पडते की परतणाऱ्याला नव्या माणसासारखा चार्ज द्यावा. “जुनं काही तिच्या नावावर नाही असं धरायचं. पहिल्या सोमवारी एक कागद. कुठली प्रकरणं तिची, कुठली नाहीत, कुठल्या तारखेपर्यंत नाहीत. खाली माझी सही.”

फिटनेसच्या प्रमाणपत्रापेक्षा हा कागद महत्त्वाचा आहे. प्रमाणपत्र माणसाविषयी बोलते, हा कागद कामाविषयी. ‘हळूहळू घ्या’ असे तोंडी सांगणे सद्भावनेचे असले तरी बुधवारपर्यंत विरते, कारण काय हळू घ्यायचे ते कुणी ठरवलेले नसते. त्यात काय असावे, याबद्दल पुतणी वैद्यकाच्या बाजूने भर घालते. पहिले दोन आठवडे मुदतीचे काम नसावे. कर्जवसुलीऐवजी लॉकर किंवा ठेवींचे टेबल चालेल, पण रिकामे टेबल नको. बिनकामाचे बसवणे हा अपमान ठरतो. साचलेले मेल तिने वाचायचे नाहीत, त्यांतले जिवंत तेवढे दुसऱ्याने काढून द्यायचे. लक्ष आणि स्मरण शेवटी सुधारतात, म्हणून दोन सह्यांच्या कामातली दुसरी सही काही काळ तिची नसावी. स्वीडनने 2005 पासून या अवस्थेला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला आहे. तिथल्या अनुभवातही विसरभोळेपणा आणि ताण सोसण्याची घटलेली ताकद थकवा गेल्यावरही दीर्घकाळ रेंगाळते. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा हा आपल्याकडे हातात असलेला एकमेव ‘हॅम्बुर्ग’. ती आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी घेतली तर उपयोगी पडते. बरे नाही म्हणून अचानक घेतली तर उलट भीती वाढवते.

“शाखा एका माणसावाचून अडते” हा काकांचा शेवटचा किल्ला त्यांच्याच खात्याने पाडला आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 च्या परिपत्रकानुसार संवेदनशील पदांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान 10 कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवायचे असते. त्या काळात अंतर्गत ई-मेल सोडता कामाशी संबंधित कशालाही त्यांना हात लावता येत नाही. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा, आरोग्याचा नव्हे. पण माणूस दहा दिवस पूर्ण तोडता येतो आणि शाखा चालू राहते, हे त्यातून सिद्ध होते. चोरी पकडण्यासाठी जमते ते झोप परत येण्यासाठी जमत नाही, असे म्हणणे कठीण आहे.

दोन बाबतींत दोन्ही पक्षांचे एकमत होत नाही. पहिली, कारण सांगावे का. काकांच्या मते शाखेत काही लपत नाही, म्हणून स्वतःच एका वाक्यात सांगून टाकावे. अफवेपेक्षा ते बरे. पुतणीच्या मते निदान हा रुग्णाचा खासगी ऐवज आहे. वरिष्ठाला काय जमेल आणि काय जमणार नाही एवढे कळणे पुरे. कशामुळे, ते नाही. तालुक्याच्या गावात काकांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, तत्त्वाने मात्र पुतणीच बरोबर. दुसरी बाब म्हणजे जुन्या जागी परतावे की बदली मागावी. भार जास्त होता, तर जागा तीच ठेवून भार उतरवता येतो. खुपत होती ती मूल्यांची जागा असेल, तर टेबल बदलल्याशिवाय चार्जचा कागदही पुरत नाही, आणि कधी कधी नोकरीच बदलावी लागते. काका हे मान्य करत नाहीत. “पेन्शन आहे त्यात,” एवढेच म्हणतात. घराचे हप्ते चालू असणाऱ्याला हा मुद्दा क्षुल्लक वाटत नाही.

पुन्हा घसरण होते आहे का, हे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कळते. खुणा मोठ्या नसतात. जेवणाचा डबा टेबलावरच उघडला जातो, रविवारची दुपार पुन्हा जड होते, पहाटे तीनला जाग येऊन प्रकरणांचे नंबर आठवू लागतात, ‘उद्या पाहणे’च्या चिठ्ठ्या वाढतात. यांतल्या दोन दिसल्या तर नवी रजा मागण्याआधी चार्जचा कागद पुन्हा काढायचा असतो. बहुतेक वेळा त्यावर नसलेले एखादे काम मधल्या मध्ये तिच्या टेबलावर आलेले सापडते.

सोमवारी मान वर न करणारा सहकारी या सगळ्यात राहून जातो. तीन महिने त्याने दोन टेबले सांभाळली, त्याबद्दल त्याला कुणी काही दिले नाही, आणि आता सवलत मिळते आहे ती दुसऱ्याला. काकांचा पक्ष त्याच्या बाजूने बोलतो तेव्हा तो सर्वांत बळकट असतो. सवलतीचा बोजा शेजारच्या टेबलावर ढकलला तर सहा महिन्यांनी रजेचा पुढचा अर्ज तिथूनच येतो. म्हणून परतणाऱ्याच्या कागदावरून उतरवलेले प्रत्येक काम कुठे गेले, याचा रकाना त्याच कागदावर लागतो: दुसऱ्या शाखेकडे गेले, पुढे ढकलले, की बंद केले. ‘सहकारी पाहतील’ हे तिथे चालत नाही. काकांनी कागदाच्या कच्च्या मसुद्यात तो रकाना स्वतः आखला, आणि खाली आणखी एक ओळ घातली: शेजारच्या टेबलाची साठलेली रजा किती, आणि ती कुठल्या तारखेपासून मंजूर.